स्टेपनीची जोडी

लोक पंचांग उघडतात ते मुहूर्त शोधायला. आमचे अण्णा उघडायचे ते मुहूर्त नसलेला दिवस शोधायला. अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटायची, एका तारखेवर बोट टेकवायचं आणि मान वर करून म्हणायचं, "हितं काय न्हाय बघा, बाई. ना लग्न, ना मुंज. कार्यालय रिकामं. घ्या आपली स्पर्धा."

अण्णांची सोलापूरच्या बाजारात डाळीची आडत. मूळचे दुधनीकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी आणि ब्रिजच्या टेबलावर तोंडाला कुलूप. मी बँकेतून निवृत्त झाले आणि घरच्यांवर करवादायला लागले, तेव्हा ह्याच माणसाने मला पत्ते शिकवले. पुढे मला जोडीदार करून घेतलं आणि विभागीय स्पर्धेच्या कामालाही जुंपलं.

तुम्ही कुठे ब्रिजची स्पर्धा पाहिली असेल तर ती हॉटेलात पाहिली असेल. थंडगार हॉल, गालिचा, आणि प्रवेश फी अशी की नोकरदार माणसाने घरी विचारूनच भरावी. अण्णांना ते नामंजूर. "करमाळ्याच्या मास्तरला परवडलं पायजे," हे त्यांचं एकच माप. चातुर्मासात मंगल कार्यालयं ओस पडतात आणि मालक हसून चाव्या देतात, हे त्यांनी हेरलं होतं. पाहुणे आम्हा क्लबवाल्यांच्या घरोघरी उतरायचे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायचे आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच क्लबाला धूळ चारायचे.

पहिल्या वर्षी पुण्याच्या एका गृहस्थांनी एसीची चौकशी केली. अण्णांनी तत्परतेने मोठा पंखा त्यांच्याकडे वळवला. पत्ते उडाले, सगळ्यांना सगळ्यांचे दिसले, डाव रद्द. पुढच्या वर्षी प्रत्येक टेबलावर दुकानातली छोटी लोखंडी वजनं हजर. पत्ते मांडा, वर वजन ठेवा. आता आमच्याकडचे जुने खेळाडू हॉटेलात गेले तरी हात वजन शोधतो म्हणतात.

पंचांगाने दगा दिला तो एकदाच. सकाळी आम्ही टेबलं मांडतोय तर दारात वाजंत्री. मोहोळकडच्या एका घराला गुरुजींनी काढीव मुहूर्त दिला होता आणि कार्यालयाच्या मालकाने, चातुर्मासात कोण येतंय, म्हणून दोघांनाही होकार देऊन ठेवला होता. मी पदर खोचून भांडायलाच निघाले. अण्णा नवरीच्या बापाकडे गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खाली तुमी लगीन लावा, वर जेवणाच्या हॉलात आमी खेळतो. पंगत बसायच्या आत उठतो. वाजंत्री तेवढी हळू."

मंगलाष्टकं सुरू झाली तशी अण्णांनी वर घंटा वाजवली. "पत्ते पालथे घाला. अक्षता टाकून या समदे." राज्यभर नावाजलेले खेळाडू शहाण्या मुलांसारखे जिना उतरले, अक्षता टाकल्या आणि वर येऊन अर्धवट डाव पुरा केला. नवरीच्या बापाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवणाचा खर्च वाचला म्हणून मी खूश, तोवर अण्णांनी दुकानातून आहेर म्हणून तूरडाळीचं पोतं मागवलेलं. म्हटलं, अण्णा, हे काय? म्हणाले, "होगली बिडी." म्हणजे, जाऊ द्या सोडा. कानडीत म्हटलं की विषय संपला.

आता मुख्य गोष्ट सांगते. ब्रिज जोडीने खेळतात, एका टेबलावर दोन जोड्या. आलेल्या जोड्या विषम भरल्या की प्रत्येक फेरीत कुणीतरी एक जोडी रिकामी बसते. सगळीकडे चालतं. अण्णांना चालायचं नाही. "बसून ऱ्हायला कोण येतं व्हय एवढ्या लांबनं?" म्हणून आम्ही दोघं स्टेपनी. जोड्या विषम आल्या तर आम्ही खेळायचं, सम आल्या तर चहा बघायचा.

आणि खेळायची हौस किती म्हणाल! वर्षभर दुपारचे सौदे आटोपले की पोत्यांच्या थप्पीवर आमचा सराव चालायचा. स्पर्धेच्या सकाळी विषम आकडा दिसला की म्हातारा कॉलर सारखी करायचा. आणि हमखास, शेवटच्या घटकेला एखादी जोडी धापा टाकत दारात. एकदा मी म्हटलं, वेळ टळलीय, नियमाने परत पाठवता येईल. माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या किटलीमागे गेले. "यष्टीनं आलेत ते, बाई." स्वतःची खुर्ची ओढून त्यांना दिली. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी बँकेत माणसं बरीच पाहिलीत.

अण्णा उन्हाळ्यात गेले. कमिटीत लगेच हॉटेलाचं निघालं. मी पंचांग घेऊनच बैठकीला गेले आणि एवढी भांडले की त्यांनी कंटाळून कार्यालयच ठरवलं.

स्पर्धेच्या सकाळी जोड्या विषम आल्या. मी दाराकडे बघत राहिले. उशिरा कुणीच आलं नाही. पहिल्या फेरीत रिकामं बसायची पाळी नेमकी करमाळ्याच्या मास्तरांची आणि त्यांच्या मेहुण्याची. दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर हात बांधून बसले होते. मला बघवेना. मी जाऊन त्यांच्या टेबलावर बसले.

"बाई, जोडीदार?" मास्तरांनी विचारलं.

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मास्तर पत्ते पिसायला लागले. मेहुणा म्हणाला, "हा डाव गुणांत धरायचे न्हाईत."

"नको धरू दे," मास्तर म्हणाले, आणि पत्ते चार ठिकाणी वाटले.

ब्रिजमध्ये एका भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडतात आणि त्याचा जोडीदार दोघांचं खेळतो. मेहुण्याने पहिलं पान टाकलं, तसे अण्णांचे पत्ते मी उघडले, रंगवार लावून त्यांच्या खुर्चीसमोर मांडले. पंखा फिरत होता, म्हणून वर वजन ठेवलं. इस्पिकाचा राजा, राणी, बदामाचा एक्का. एवढे चांगले पत्ते आले आणि घ्यायला माणूस नाही. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही.

मेहुण्याचं पान टेबलावर पडून होतं. मी तशीच बसून होते.

मास्तर हळूच म्हणाले, "बाई, अण्णांची पाळी हाय."