न मरणारा रिले

दोहातल्या ज्या प्लांटमध्ये मी काम करतो तिथे पाणी गार करून आजूबाजूच्या टॉवरना एसीसाठी पुरवलं जातं. टॉवर नवे, काचा चकचकीत, भाडी तर विचारूच नका. आणि हा सगळा थाट ज्यांच्या जिवावर चालतो त्या पंपांच्या सुरक्षा-पॅनेलचं डिझाइन माझ्या मुंजीच्याही आधीचं आहे. आत ओळीने रिले बसवलेत. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी, विजेच्या इशाऱ्यावर आपोआप चालू-बंद होणारा स्विच. कट् वाजला की पंप चालू, पुन्हा कट् वाजला की बंद. एवढीच त्याची अक्कल.

या जुन्या वस्तूंचा लोकांना भारी पुळका. "काका, जुना माल म्हणजे दणकट," असं कुणीतरी चहाच्या वेळी हमखास म्हणतंच. दणकट कसला डोंबलाचा! हा रिले आजही बनतो आणि खपतो, याचं कारण निव्वळ भित्रेपणा. नवं पॅनेल बसवायचं तर नव्या चाचण्या, नवी मंजुरी आणि शेवटी कुणाची तरी सही. ती करायला कुणाचा हात उठत नाही. चाललंय ना, मग हात कशाला लावता, एवढंच आमच्या साहेबांचं इंजिनियरिंग. असे साहेब जगभर पसरलेत, म्हणून कुठला तरी कारखाना या डब्या पाडतच राहतो. स्वतःचा फोन मात्र साहेब दरवर्षी बदलतात. तिथे मंजुरी लागत नाही.

मला एवढा संताप यायला कारण आहे. बायको तिच्या आईला सांभाळायला पुण्याला परत गेली, त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे आणि तिथली माझी बदली मंजूरही झालीय. अट एकच. हे पॅनेल निघेपर्यंत मी इथून हलायचं नाही, कारण माझ्याशिवाय ते कुणाला कळत नाही. राजीनामा का देत नाहीस, असं विचारणारे नातेवाईक सगळे पेन्शनीत बसलेत. पंचावन्नाव्या वर्षी मला नव्याने कोण दारात उभं करणार आहे?

मग गेल्या वर्षी कारखान्याने कळवलं की हे मॉडेल बंद होतंय, हवे असतील तर शेवटचे घेऊन ठेवा. मी मनातल्या मनात पेढे वाटले. साहेबांनी ऑर्डर द्यायला इतका वेळ लावला की माल संपला. त्यांच्या आळसाबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच आदर वाटला. आता साठ्यातले सुटे रिले संपले की पॅनेल बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी बायकोला फोन करून सांगितलं, या खेपेला नक्की. दुसऱ्याच दिवशी तिने अर्धं कपाट माझ्यासाठी रिकामं केलं.

तेवढ्यात दिवाळी आली. इथे कुणी सुट्टीवर निघालं की त्याची बॅग त्याची राहत नाही, निम्मी बॅग आम्हा सगळ्यांच्या फराळाची. आमच्या खात्यातला एक तिशीचा इंजिनियर पुण्याला निघाला होता. कॉन्ट्रॅक्टवर नुकताच आलेला, अतिउत्साही प्राणी. मी त्याला घरचा पत्ता दिला आणि येताना फराळ आण म्हटलं. माझ्या बदलीबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

परत आला तो बॅग घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मलाही बोलावून घेतलं.

"काका, आपले रिले बुधवार पेठेत मिळाले! एकदम नवेकोरे," तो म्हणाला. "जुन्या कंपनीने साचे आपल्याकडच्या एका छोट्या फॅक्टरीला विकले. डिमांड आहे म्हणून ते अजून बनवतात. सर्टिफिकेटसुद्धा सेम आहे!"

डिमांड म्हणजे आम्हीच. साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. नव्या पॅनेलची फाइल उघडायला ज्या माणसाला वर्ष पुरलं नाही, त्याने चहा गार व्हायच्या आत निर्णय घेतला.

"यल्ला, खलास! पॅनेल चेंज कॅन्सल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "और आपका ट्रान्सफर, नेक्स्ट शटडाउन के बाद देखेंगे, इन्शाल्ला."

"कुठली ट्रान्सफर, काका?" त्याने विचारलं. त्या गाढवाला काय सांगायचं, आणि खुर्चीतल्या त्या दुसऱ्याला तरी काय!

माल तपासून घेण्याचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. मी बॅग टेबलावर उघडली. प्रत्येक रिले वेगळा कापडात गुंडाळलेला होता. निळं सुती कापड, त्यावर पांढऱ्या बुट्ट्या. इथल्या अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको घरात नेसायची ती साडी होती, धुऊन धुऊन मऊ पडलेली.

"काकूंनीच पॅक केलं," तो म्हणाला. "मी फराळ घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी बॅगेत पाहिलं. म्हणाल्या, असे सुटे नेलेस तर आपटतील, यांच्या कामाचं आहे ना? साडी फाडली आणि बसून एकेक गुंडाळला."

संध्याकाळी तिचा फोन आला.

"अहो, मिळालं का सगळं? काही तुटलं-फुटलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही."