वाकळ खालून

उघड्या आभाळाखाली एकट्याने झोपल्याशिवाय माणसाला स्वतःची ओळख पटत नाही, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. म्हणून पौषात नांदूरघाटजवळच्या आमच्या शेतात, दोन कडुलिंबांच्या मध्ये कापडी झुला बांधून मी ती ओळख करून घ्यायला गेलो. ओळख पाठीपासून सुरू झाली. पाठ कुठे संपते आणि थंडी कुठे सुरू होते, ते कळेना. उजाडायच्या आत घरी आलो.

दुसऱ्या रात्री अंगावर दोन वाकळा घेतल्या. वाकळ म्हणजे आमच्याकडची जुन्या लुगड्यांची गोधडी. छातीला घाम आला, पाठ तशीच गार. तिसरी अंगाखाली घातली, तर ती माझ्या वजनाने पापडासारखी चपटी झाली. पुन्हा घर.

बायको चुलीपुढे होती. "आज परत आलात तर झुला मी कडबा वाहायला नेणार. कापड लई मजबूत हाय."

मला झुला हवा होता. साठी ओलांडलेल्या माणसाला कुणी झुलवत नाही, एवढंच कारण देता येईल.

त्या संध्याकाळी शेजारच्या मावशी बांधावरून आल्या. कित्येक हंगाम ऊसतोडीला गेलेल्या, आता गुडघ्यांमुळे घरीच. माझी बांधाबांध बघून थांबल्या.

"वाकळ आत कावून घालता, दादा? भायेरून बांधा, खालून."

"मग अंगाला लागणार कशी?"

"लागायचीच न्हाई. लागली की दबली. मधी जरा हवा ऱ्हाऊ द्या, ती तापती. फडात आमी लेकरांच्या झोळ्या अशाच बांधायचो."

"केवढी लेकरं?"

"सा म्हैन्याची. ती रडत नव्हती."

त्यांनी वाकळीची दोन्ही टोकं झुल्याच्या दोरांना बांधली, कडा वर ओढून वारा शिरायची फट बुजवली आणि गेल्या.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं. बायको कडब्याची दोरी घेऊन उभी होती. तिने झुल्याखाली हात घालून पाहिला.

"ही पाव्हण्यांची वाकळ हाय," ती म्हणाली, आणि सोडून घेऊन गेली.

झुला राहिला. त्याच्याखाली आता मी बैलाची पोळ्याची झूल बांधतो. बैल विकून तीन वर्षं झाली. झूल चांगली उबदार आहे. तिला आरसे आणि गोंडे आहेत.