सुट्या पात्यांचा उस्ताद

आमच्या बाजारात शिंप्यांच्या कात्र्या करणारा एक माणूस होता. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. मी शिंपी, जन्मभर त्याच्याच कात्रीवर पोट भरलं. त्याची कात्री मखमलीतून गेली तरी कापडाला पत्ता लागायचा नाही. माणूस मात्र भोळसट. खिशाला पेन लावलेल्या कुणीही दोन शब्द गोड बोलावे आणि याने मान डोलवावी. असल्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला चेंबरला कितीसा वेळ लागणार?

चेंबर म्हणजे व्यापाऱ्यांची संस्था. छोट्या कारखानदारांना परदेशात गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, हे तिचं एक काम. खोटं कशाला बोलू, ते काम ती करायची. उस्तादाच्या कात्र्या तिनेच परदेशातल्या प्रदर्शनात मांडल्या, तिथल्या व्यापाऱ्याशी गाठ घालून दिली, पत्रांची भाषांतरं करून दिली. नमुने पसंत पडले आणि मोठी ऑर्डर आली. उस्तादाने राहतं घर विकून शेड घेतली, कारागीर ठेवले. हाव पैशाची नव्हती. आपलं नाव कोरलेली कात्री परक्या मुलखातल्या शिंप्याच्या हातात दिसावी, एवढ्यासाठी त्याने छप्पर विकलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, तेव्हाही काही बोलली नाही.

आता हातच्या कात्रीचं असं असतं की तिची दोन पाती एकमेकांवर घासून, एकमेकांच्या मापाने बसवलेली असतात. एकीचं पातं दुसरीला चालत नाही. म्हणून जोडी जमली की वहिनी तिला लगेच दोरा बांधायची. पॉलिश होऊन खिळा बसेपर्यंत तो दोरा सुटायचा नाही. त्यांच्या कारखान्यात दुसरा कायदा नव्हता.

माल भरायच्या दिवशी चेंबरचे निर्यात सल्लागार आले. नाकाने कांदे सोलणारा माणूस. दोऱ्याच्या गाठी पाहून म्हणाले, "हे काय गाठोडं? परदेशात माल चाललाय ना?" मग त्यांनी हिशेब समजावला. जोडलेल्या कात्रीवर तिकडे कर जास्त, सुट्या भागांवर कमी. तेव्हा वरची पाती एका खोक्यात, खालची दुसऱ्यात, खिळे तिसऱ्यात. तिकडचे लोक जोडून घेतील.

"पण साहेब, जोडी..." उस्ताद म्हणाला.

"जोडी लग्नात बघतात, उस्ताद."

सगळे हसले. उस्तादही हसला, आणि तिथेच मेला.

वहिनी त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अहो, दोरे सोडू नका. सोडायचेच तर निदान पात्यांवर खूण तरी करा."

"खूण केली तर ओरखडा म्हणून माल परत येईल, असं साहेब म्हणतात. त्यांनी जग पाहिलंय. तू हा रस्ता तरी ओलांडलायस का?"

दोरे त्याने स्वतःच्या हाताने कापले. कारागिरांना हात लावू दिला नाही.

पुढचं सांगायला कारागीर असायची गरज नाही. तिकडे कुणाचंही पातं कुणालाही जोडलं गेलं. काही कात्र्या उघडल्या तर मिटेनात, उरलेल्या कापड चावायला लागल्या. व्यापाऱ्याने चेंबरला पत्र लिहून उस्तादाचं नाव कायमचं कापलं. चेंबरची बैठक बसली. सल्लागार म्हणाले, "वस्तू त्यांची, सांगायला त्यांनी हवं होतं." उस्ताद खाली मान घालून बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि संन्याशाने दोरही आपल्या हाताने ओढला. शेड गेली, कारागीर पांगले. आमच्या बाजारातले शिंपीसुद्धा म्हणायला लागले, 'अरे, तो तर परदेशातून परत आलेला माल!'

चेंबर निर्दयी नव्हती. तिने त्याला चहा द्यायला आणि खुर्च्या मांडायला ठेवून घेतलं. बदल्यात एकच करायचं. नव्या निर्यातदारांचं शिबिर भरलं की सल्लागार चुकांवर बोलत, तेव्हा याने उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. लोक पोट धरून हसत, आणि धडा पक्का बसे.

वहिनीला त्याने वेगळंच सांगितलं होतं. म्हणाला होता, "चेंबरात मी नव्या लोकांना शिकवतो."

एका शिबिराला मीही गेलो, तयार कपडे बाहेर पाठवायचा किडा माझ्याही डोक्यात होता. जिन्यात वहिनी भेटली. धुवट साडी नेसून आली होती. म्हणाली, "भाऊजी, हे शिकवतात कसं ते एकदा ऐकायचंय." आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

सल्लागारांनी गोष्ट रंगवून सांगितली. उस्ताद ट्रे खाली ठेवून उभा राहिला, नेहमीचं वाक्य बोलला, हशा झाला. मी वहिनीकडे पाहिलं नाही. मग पुढे बसलेल्या एका बटणं बनवणाऱ्या बाईने सरळ मनाने विचारलं, "पण काका, पाती बदलली की कात्री चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

हशा थांबला. सल्लागार चष्मा पुसायला लागले. मी मनात म्हटलं, बोल रे, आता तरी बोल. उस्तादाने सल्लागारांकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं.

"नव्हतं ठाऊक, बाई," तो म्हणाला.

मग त्याने मान वर केली आणि त्याला वहिनी दिसली. ती उठली होती. मी तिच्यामागे जिना उतरलो. ती रडत नव्हती, पायऱ्या बघून उतरत होती.

"घर गेलं, शेड गेली, मी बोलले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, घरात उस्ताद तर आहे. आता कोण आहे, भाऊजी?"

वर टाळ्या वाजल्या. शिबिर संपलं होतं, म्हणजे तो आता कपबशा गोळा करत असणार.