उकंडाबाईचं नाव

पालममध्ये उकंडाबाईचं किराणा दुकान आहे. तिच्या नावाला हसणारा एक तरी माणूस भेटला नाही, असं वर्ष तिच्या आयुष्यात गेलं नसेल. पण हसणाऱ्याला तिनं कधी फुकट सोडलं नाही.

"हसा. पण नाव कशानं पडलं तेबी ऐकून जावा," म्हणत ती तराजू खाली ठेवायची. तिच्या आधीच्या दोघी बहिणी पाळण्यातच गेल्या. ही जन्मली तशी सुईणीनं उचलली आणि उकंड्यावर, म्हणजे शेणकेराच्या ढिगावर, नेऊन ठेवली. शेजारणीनं ती 'सापडली' म्हणून आणली आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन आपलीच लेक विकत घेतली. केराला कोण हात लावतो? मरणानंही लावला नाही. केरबा, कचरू, धोंडाबाई ही सगळी त्याच भीतीतून आलेली नावं. त्यांची टर उडवणाऱ्यांना कधी तान्हं मूल पुरावं लागलेलं नसतं.

नात शिवरंजनीचं लग्न ठरलं. नवरदेव महांतेश नॉर्वेत नोकरीला. झालं, उकंडाबाईचा मुलगा शिवरुद्र याला आईच्या नावाची लाज वाटायला लागली. त्यानं परस्पर पत्रिकेत आईच्या नावाच्या जागी 'सौ. उमादेवी किशनराव' छापलं आणि पत्रिका वाटूनही टाकल्या.

"पाव्हणे परदेशातले हायत, माय. लोक हसतेत."

"पाव्हणे जिंतूरचे हायत की रे! माझं नाव छाप, न्हाईतर मी मांडवात पाय ठेवणार न्हाई."

शिवरुद्रनं कानाडोळा केला. चार दिवसांनी तिची मावसबहीण चन्नबसम्मा सोनपेठहून एसटीनं आली, ती स्टँडपासूनच गळा काढत. पत्रिका वाचून तिनं हिशोब मांडला होता: जित्या माणसाचं नाव पत्रिकेतून कुणी गाळत नाही, म्हणजे उकंडा गेली. आणि किशनरावांच्या नावापुढं उमादेवी, म्हणजे म्हाताऱ्यानं दुसरी केली! ओट्यावर बसलेल्या किशनरावांना तिनं धारेवर धरलं.

"माझी बहीण गेली, कळवलं न्हाई. आन् या वयात दुसरी आणायलाव? शरम न्हाई वाटत?"

किशनरावांनी दुकानाकडं बोट दाखवलं. तेवढ्यात उकंडाबाई दुकानातून बाहेर आली. चन्नबसम्मा किंचाळली, मग तिच्या गळ्यात पडली, मग शिवरुद्रला शिव्या घालायला लागली.

संध्याकाळी शिवरंजनीनं सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकून हा तमाशा महांतेशला सांगितला. तो पोट धरून हसला.

"आज्जी, माझ्या साहेबाचं नाव स्टाइन, म्हंजे दगड. शेजारी ब्योर्न, म्हंजे अस्वल. आन् हॅरी! मागं तिकडच्या कष्टकरी लोकांनी हौसेनं पोरांना इंग्रजी नावं ठेवली, तर आता गावंढळ दिसलं की त्याला 'हॅरी' म्हणून चिडवतेत. खरे हॅरी मात्र ताठ मानेनं फिरतेत."

"दगड म्हंजे आपला धोंडीबाच की!" उकंडाबाई खूश झाली.

शिवरुद्रचा जीव भांड्यात पडला. "तिकडं चालतंय तर मग छापू, माय."

ते ऐकून ती भडकलीच. "नॉर्वेनं हो म्हणल्यावर माय चालायली व्हय तुला? माझ्या मायला चांगलं नाव ठेवता येत नव्हतं का रे? आधीच्या दोघींची लय चांगली ठेवली होती. एक शिवकन्या, एक गौराक्का. त्या नावांनी हाक मारायला कुणी राहिलं न्हाई. मी राहिले."

शिवरुद्र खाली मान घालून म्हणाला, "उद्याच नव्या पत्रिका छापतो."

"छाप. आन् मांडवात माईकवर माझं नाव तूच घ्यायचं."

लग्नाच्या दिवशी अक्षता पडायच्या आधी शिवरुद्र माईकपाशी गेला. घसा खाकरून म्हणाला, "आमच्या मातोश्री उकंडाबाई यांनी आशीर्वाद द्यायला पुढं यावं." मांडवात मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. किशनरावांनी बायकोकडं पाहिलं. उकंडाबाई अक्षतांची मूठ आवळून उठली, त्या खुर्च्यांकडं तोंड करून उभी राहिली आणि माईकबिगर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "आले!"