गावपळणीच्या दिवसांतली सावंतवाडी

आमच्या आचऱ्यात बायकांना सुट्टी द्यायचं काम देवाने स्वतःकडे घेतलेलं आहे. दर काही वर्षांनी देवळात कौल लावतात, म्हणजे गाऱ्हाणं घालून देवाला होकार-नकार विचारतात, आणि होकार आला की अख्खा गाव दारं ओढून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, दाराशी पडलेला कुत्रा, सगळी. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तीन दिवस नि तीन रात्री गाव देवाचा. मग पुन्हा कौल, आणि देव हो म्हणाला तरच परत यायचं. हिला गावपळण म्हणतात. ज्यांनी पाहिली नाही त्यांना ही भुताखेतांची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती एक झकास सहल असते. माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, कोंबड्या शिजतात, फुगड्या होतात, आणि एरवी बांधावरून भांडणारी माणसं एका चुलीवर चहा करतात.

ही गोष्ट ज्या गावपळणीची, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. काकाने आमच्या खोपीसाठी बांबू तोडायला घेतले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "माका सावंतवाडी बघूक जावचा आसा."

बाबा शाळामास्तर. कुठल्याही वाक्यातली चूक त्यांना लगेच दिसे. ते म्हणाले, "बघूक? तू थंयच वाढलंस मां?"

"म्हणानच," आई म्हणाली.

त्या काळी आमच्याकडच्या बाईला घराबाहेर पडायला तीनच वाटा होत्या. माहेर, लग्न आणि मर्तिक. नुसतं फिरायला जाणं ही चौथी वाट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. आणि आईची पहिली वाट बंद झालेली. आजोबा सावंतवाडीला संस्थानच्या कचेरीत कारकून होते. ते गेले, पाठोपाठ आजी गेली, आणि मामाने घर विकून मुंबईची नोकरी धरली. तो चाळीत एका खोलीत राहायचा. तिथे बहिणीला काय बोलावणार? दिवाळी सरली की गावातल्या सगळ्या सुना माहेरी जायच्या, आणि आई त्यांच्या मुलांच्या हातावर वाटेचा खाऊ ठेवायची. रडल्याचं मी कधी पाहिलं नाही. पण त्या आठवड्यात ती भांडी जरा जोरात घासायची.

बाबांना तिची इच्छा कळली होती. तिला ते घर आतून पाहायचं होतं. "सावंतवाडी बघ," ते म्हणाले, "पण त्या घराच्या वाटेक जाव नको. विकलेल्या घरात पाय घालू नये. लोकांका वाटतला, दारातल्या फणसार हक्क सांगूक इली." त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आपल्या बायकोचा कुणी दारात अपमान केला तर काय करायचं, हे त्या सभ्य माणसाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते भीत होते.

गाय आणि कोंबड्या काकाच्या हवाली करून आम्ही निघालो. कणकवलीला एसटी बदलली. सावंतवाडीच्या बाजारालगतच्या एका देवळाच्या धर्मशाळेत बाबांनी खोली मिळवली, आणि तिथून पुढचा कारभार आईने हातात घेतला.

मला आजवर पुष्कळ शहरं पाहायला मिळाली. पण शहर कसं दाखवावं हे मी आईकडून शिकले. तिने आधी आम्हाला तळ्यावर नेलं. सकाळी ऊन तिरपं असताना राजवाड्याची छाया पाण्यात पुरी दिसते आणि दुपारी दिसत नाही, म्हणून सकाळीच. मग डोंगराच्या अंगाने चालवत नेऊन एका कुंडाचं पाणी प्यायला लावलं. "हेच्यापेक्षा गोड पाणी मिळाला तर माका सांगा," असं म्हणून ती बाबांकडे बघत राहिली. बाबा ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांनी दुसरी ओंजळ घेतली. मास्तरांकडून एवढं मिळणं म्हणजे पैकीच्या पैकी गुण.

चितारआळीत तर मी वेडीच झाले. ओळीने दुकानं, आणि दुकानाच्या ओटीवरच कारागीर बसलेले. लाकूड फिरतंय, त्यावर लाखेची कांडी टेकवली की रंग धावत जातो. पिवळेधमक आंबे, केळी, सीताफळं, सगळी लाकडाची. मी एका पेरूला हात लावून पाहिला आणि कारागीर म्हणाला, "खा गो." आई इतकी मोकळी हसली की मी पेरू सोडून तिच्याकडे पाहत राहिले. गावात ती तोंडाला पदर लावून हसायची. इथे पदर खांद्यावर होता.

आणि हॉटेल! संगमरवरी टेबल, त्याच्यावर माशी बसली तर तिचंही प्रतिबिंब दिसावं. आम्ही उसळ आणि पाव मागवला. पाव बेकरीतून नुकताच आलेला, वरून खरपूस नि आतून कापसासारखा. कांद्याची फोड, लिंबू, वर तिखट तर्री. बाबा नाकातलं पाणी पुसत खात होते. आई मात्र बशी समोर येऊनही क्षणभर हात मांडीवर ठेवून बसली. मला वाटलं तिला आवडलं नाही. आता कळतं. ती बसलेली आणि दुसरं कुणी वाढतंय, असं तिला कितीतरी वर्षांनी घडत होतं. नंतर गोटी सोडा आला. बाटलीतली गोटी अंगठ्याने दाबून 'फट्‌' करून फोडायची कला आईला येत होती, हे पाहून मला माझ्या आईचा विलक्षण अभिमान वाटला.

फोटो स्टुडिओही तिनेच शोधला. आत पडद्यावर तळं आणि राजवाडा रंगवलेला. बाबा म्हणाले, "तळा भायर खरा आसा, मगे ह्या कित्याक?" फोटोवाला म्हणाला, "मास्तर, खरा तळा हलता."  फोटोत बाबा अजूनही यावर विचार करताना दिसतात.

पण कुठेही जायचं असलं तरी आमची वाट एकाच गल्लीतून जायची. बाजाराला त्या गल्लीतून, देवळाला त्या गल्लीतून, एकदा तर तळ्यावरून धर्मशाळेत यायलाही तीच गल्ली, म्हणजे सरळसरळ वळसा. गल्लीत एक कौलारू घर होतं, पुढे गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आत फणस. तिथे आलं की आईची चाल मंद व्हायची. ती मान वळवायची नाही, डोळेच तेवढे जायचे. अंगणात तुळशीवृंदावन असायला हवं तिथे चुन्याने रंगवलेला छोटा क्रूस होता आणि त्याला झेंडूची माळ. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा आई एकदम भरभर चालायला लागली. बाबा मागून चालत होते. मला दोघांचाही राग आला. तिला जायचं होतं तर तिने जावं, नाहीतर त्यांनी 'जा' म्हणावं. मोठी माणसं इतकी वेडी का असतात, हे मला कळेना.

परतायचा दिवस आला. गाठोडी बांधून आम्ही मोटारस्टँडवर गेलो. कणकवलीकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर आमच्याच बाजूचा. बाबांना पाहून तो पायरीवरूनच म्हणाला, "मास्तर, खंय जातास? कौल नाय झालो. देव आजून एक दीस भायर रवा म्हणता."

बाबांचा चेहरा पडला. शाळा, गाय, धर्मशाळेची सोडलेली खोली, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. आईने खाली वाकून बांधलेलंच गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं. तिचं हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "आता देवानच थांबवल्यान. मी जावन येतंय." बाबांनी गाठोडं तिच्या हातातून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चेडवाक घेवन जा." चेडू म्हणजे मुलगी, मी.

गडग्याचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, आईने स्वतः काढलं. ते कसं वर उचलून मग ओढायचं हे तिला हातानेच माहीत होतं. ओटीवर एक बाई नारळ खवत बसली होती. आईहून थोडी मोठी, अंगात फुलाफुलांचा झगा, नाकावर चष्मा. नाताळ जवळ आला होता आणि आतून गूळ-नारळाचा वास येत होता. आई अंगणातच उभी राहिली. इतक्या दिवसांत जे बोलायचं ठरवलं असेल ते विसरली, आणि म्हणाली, "वायच पाणी मिळात काय?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मग बेड्याकडे पाहिलं. "ह्या बेडा नवीन माणसाक उघडना नाय," त्या म्हणाल्या. "तुमी कारकुनांचा चेडू काय?"

आईने मान हलवली.

"मगे अंगणात कित्याक उभी? भितर ये."

'या' नाही, 'ये'. गावात आईला सगळे वयनी नाहीतर काकी म्हणायचे. बाबा सोडले तर तिला एकेरी हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. पाण्याबरोबर गुळाचा खडा आला. आई पाणी एका दमात प्याली. तिचे डोळे पुढल्या अंगणाकडे गेलेले बाईंनी पाहिले आणि त्या उठून आम्हाला मागल्या दारी घेऊन गेल्या. विहिरीच्या कठड्याजवळ एका जुन्या हंड्यात तुळस होती, चांगली डेरेदार. "आमचो खुरीस फुडे इलो," त्या म्हणाल्या, "म्हणान तुमचा झाड हय हाडलंय. जिता झाड मारूचा कशाक? पाणी रोज घालतंय, दिवो मात्र माका लावक येना नाय."

आईने पदराने डोळे पुसले, चांगले मोकळेपणी. मग तिने विहिरीत डोकावून पाहिलं, माजघराच्या दाराला हात लावला, कुठल्या कोपऱ्यात कोण झोपायचं आणि कुठल्या खांबाला धरून ती उभं राहायला शिकली, ते मला सांगितलं. सगळं मोजकं, पण एकही वस्तू सोडली नाही.

आत नेवऱ्या चालल्या होत्या. म्हणजे आमच्या करंज्याच. आईने सवयीने पदर खोचला आणि पोळपाटाकडे हात नेला. बाईंनी तो हात धरून बाजूला केला. "ह्या घरातल्या चेडवान हय येवन काम करूचा नसता," त्या म्हणाल्या. "बस." आणि आई बसली. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली. मी आईला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

मला धाडून बाईंनी बाबांना बोलावलं. ते गल्लीच्या तोंडाशी गाठोड्यावर बसून होते. ओटीवर आले, अवघडून टेकले. त्या काळी आमच्यातली माणसं ख्रिस्तांवांच्या घरचं खात नसत, आणि मास्तरांना तर गावाच्या तोंडाची धास्ती. बशीत तीन नेवऱ्या होत्या. बाबांनी बशीकडे पाहिलं, मग आत भिंतीला टेकून बसलेल्या आईकडे पाहिलं, बराच वेळ. मग एक उचलली. खाऊन झाल्यावर दुसरी उचलली. "पुरण बरा झाला," म्हणाले. माझ्या बाबांबद्दल मला जे काही मोठं वाटतं त्यात या दोन नेवऱ्यांचा वाटा आहे.

बाईंनी आम्हाला जाऊ दिलं नाही. "देवान गावाभायर रवाक सांगलेली माणसां धर्मशाळेत कित्याक?" असं म्हणून माजघरात चटया टाकल्या. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने कौल झाल्याचं सांगितलं. निघताना नारळ, नेवऱ्यांचा डबा आणि दोन पिकली पपनसं गाठोड्यात आली. आई अंगणातून म्हणाली, "येतंय हां." बाई बेड्यापर्यंत आल्या आणि साधंच म्हणाल्या, "पोचल्यार एक कार्ड घाल. जीव लागान रवता."

आई गाडीत खिडकीशी बसली, नेवऱ्यांचा डबा कणकवलीपर्यंत मांडीवर धरून.

गावात शिरलो तेव्हा घरोघर केरसुण्या चालल्या होत्या. अंगणात धूळ, पानांचा थर, चूल थंडगार. काकाने गाय आणून बांधली होती आणि ती हंबरत होती. एरवी आईने आधी चूल पेटवली असती. ती ओटीवर बसली आणि म्हणाली, "अवो, एक कार्ड देवा."

गावची टपालाची पेटी शाळेतच असायची, त्यामुळे बाबांच्या पिशवीत कार्डं असत. त्यांनी कोणाला म्हणून विचारलं नाही. कार्ड दिलं, आपली दौत-टाकही दिली, आणि स्वतः केरसुणी घेऊन अंगणात उतरले. माझ्या आठवणीत त्यांनी अंगण झाडलं ते तेवढंच एकदा.

माहेराहून परतलेल्या आमच्या वाडीतल्या सुना आईकडून कार्ड लिहून घ्यायच्या. लिहिता येणारी सून ती एकच. 'सुखरूप पोचले, काळजी नसावी' हे वाक्य तिने किती जणींसाठी लिहिलं असेल, देव जाणे. ते स्वतःसाठी लिहायची वेळ पहिल्यांदा आली होती. मायन्यापाशी ती अडली. बाईंना काय म्हणावं? मग टाक दौतीत बुडवून तिने लिहिलं, 'ती. सौ. ताईंस'. खाली ते नेहमीचं वाक्य. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

मग तिने कार्ड उलटं केलं. पत्ता तिला कुणाला विचारावा लागला नाही. घर, गल्ली, सावंतवाडी, सगळा एका दमात लिहून तिने कार्ड वाळायला उन्हात धरलं.