सेऊलच्या मेट्रोतली गुलाबी जागा

माझी जीभ वाईट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. झाशीत आमच्यासारखी जुनी मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. एका घरात कुणी काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते बाकीच्या घरांत पोचतं, आणि माझं बोललेलं तर हमखास पोचायचं. ही गोष्ट मात्र कुणापर्यंत पोचली नाही, कारण ती घडली सेऊलला, जमिनीखालच्या मेट्रोत, आणि जिच्या बाबतीत घडली ती कुणाला सांगणारी नाही.

माझा मुलगा तिथे एका कंपनीत इंजिनियर आहे. त्याने मला आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. जाऊबाईंना मूलबाळ नाही आणि दीर जाऊनही बरीच वर्षं झाली. मी नोकरीवाली, सकाळी दहाला ऑफिसात जाणारी, सहाला परतणारी. मुलाला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेत सोडणं, सगळं जाऊबाईंनी केलं. तो त्यांना ‘मोठी आई’ म्हणायचा आणि मला नुसती ‘आई’. त्यातला ‘मोठी’ हा शब्द तीस वर्षं माझ्या छातीवर बसून आहे.

सुनेला तिसरा महिना होता. मुलाने फोनवर आधीच स्पष्ट सांगितलं होतं, “आई, फ्लॅट छोटा है. बाळंतपणाला एकीलाच बोलावता येईल. हॉस्पिटल पाच स्टेशनं लांब आहे, मी ऑफिसात असेन. जिला मेट्रोने हिला घेऊन जाता येईल, ती येईल. अभी दोघी या, फिरा, मग ठरवू.” त्याचं मराठी असंच आहे, निम्मं हिंदी. पण मतलब मला बरोबर कळला. इतर बायका सेऊल बघायला जातात, मी परीक्षेला गेले. मी पास होण्याइतकंच जाऊबाईंनी नापास होणंही गरजेचं होतं.

पहिल्या दिवशी सून मला एकटीलाच घेऊन निघाली, कारण विमानात बसून जाऊबाईंचे गुडघे सुजले होते. सून झाशीजवळच्या चिरगावच्या हिंदी घरातली, गोड बोलणारी पोर. कार्ड फाटकाच्या उजव्या खांबाला लावायचं, लाइन रंगावरून ओळखायची, फरशीवरच्या बाणांमागे रांगेत थांबायचं आणि उतरणारे उतरल्याशिवाय पाय उचलायचा नाही, असं सगळं तिने मला शिकवलं. डबा खच्चून भरला होता, तरी दाराजवळची एक गुलाबी जागा रिकामी होती. सून सरळ जाऊन तिच्यावर बसली. तिच्या पर्सला एक गोल गुलाबी बिल्ला अडकवलेला होता, तो तिने मला दाखवला. “आई, ये सीट प्रेग्नंट औरतों और छोटे बच्चे वाली माँओं के लिए है। खाली हो तब भी कोई नहीं बैठता।” मी मनात म्हटलं, आमच्या झाशीत या जागेवर तीन पुरुष आणि एक पोतं बसलं असतं. घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, काय काय बघितलंस गं? मी नदी सांगितली, पूल सांगितला, उंच मनोरा सांगितला. गुलाबी जागा सांगितली नाही. विसरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सुनेला सकाळपासून उलट्या होत होत्या. ती म्हणाली, तुम्ही दोघी राजवाडा बघून या. नारिंगी लाइन, कुठे चढायचं, कुठे उतरायचं, सगळं तिने हिंदीत चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी मी माझ्या पर्समध्ये ठेवली. फाटकाशी जाऊबाईंनी कार्ड डाव्या खांबाला लावलं. शेजारचं फाटक उघडलं आणि यांचं बंदच राहिलं. मागे रांग खोळंबली. मी पलीकडे उभी राहून बघत होते. एका शाळकरी मुलीने त्यांचा हात धरून कार्ड योग्य जागी टेकवलं, तर त्या तिला “जीती रहो बेटा” म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, मी काळजीने थांबले आहे.

राजवाडा मोठा होता. दारावर रंगीत अंगरख्यांतले, खोट्या दाढ्या लावलेले पहारेकरी होते, आणि भाड्याचे घेरदार पोशाख घालून पोरी फोटो काढत होत्या. जाऊबाई प्रत्येक खांबाला हात लावून बघत होत्या. “कित्ती स्वच्छ गं! भिंतीवर कुणी नावं कोरलेली नाहीत. आपल्या किल्ल्यावर बघ.” मी म्हटलं, “भिंती बघायला एवढ्या लांब आलात का?” मग एका पायरीवर बसून त्यांनी पिशवीतून डबा काढला. पोळी, मेथांबा. मोठा वाटा माझ्या पुढ्यात ठेवला, लहान स्वतःला घेतला. मी खाल्ला.

पोळी खाताना त्या चोरओटीचं बोलत होत्या. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात सासू घरच्या घरी, गाजावाजा न करता सुनेची ओटी भरते, तिला चोरओटी म्हणतात. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, सगळं जाऊबाईंनी झाशीहून बांधून आणलं होतं. खण तर बड्या बाजारात चार दुकानं पालथी घालून घेतला होता. पण भरायची मी. त्यांचा हात ओटीला लागत नाही, कारण मूल नाही. मी लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक ओटीचं ताट त्यांनीच मांडलं आणि वेळ आली की स्वयंपाकघरात निघून गेल्या. माझ्या वेळी सासूबाईंनी त्यांना आत पाठवलं होतं. सासूबाई गेल्यावर त्यांना आत पाठवायचं काम मी करत आले.

परतीच्या गाडीला गर्दी होती. जाऊबाई वरची कडी धरून उभ्या होत्या, आणि त्यांचे पाय लटपटताना मला दिसत होते. समोर गुलाबी जागा रिकामी होती.

“वहिनी, ती बघा जागा. बसा.”

“तू बस गं. सकाळपासून चालते आहेस.”

“मला काय झालंय? बसा म्हणते ना.”

त्या बसल्या. इतक्या कृतज्ञतेने माझ्याकडे बघितलं की एखादी विरघळली असती. मी दोन माणसं सोडून लांब जाऊन उभी राहिले. समोरचा टोपीवाला म्हातारा काहीतरी बोलू लागला, बोट खाली फरशीकडे दाखवू लागला. जाऊबाईंनी त्याला हात जोडून “नमस्ते जी” केलं. त्याचा आवाज चढला. लोक मोबाइलमधून माना वर करून बघायला लागले. जाऊबाई आपल्या हसत होत्या, परक्या मुलखात कुणी रागावलं तर दुसरं करणार काय?

पुढच्या स्टेशनवर एक मुलगी चढली. पर्सला तोच गोल बिल्ला. जाऊबाईंनी आधी बिल्ला बघितला, तो त्यांनी सुनेच्या पर्सवर पाहिला होता. मग म्हाताऱ्याचं बोट बघितलं, मग पायाखाली बघितलं. तिथे फरशीवर पोट वाढलेल्या बाईचं चित्र होतं. त्या एवढ्या घाईने उठल्या की गुडघा दुमडला. त्यांना सावरलं त्या मुलीने, मी नाही. ती मुलगी त्यांना परत बसवू बघत होती. त्या नाही नाही म्हणून मान हलवत मागे मागे सरकत होत्या, पार दारापर्यंत.

तेव्हा मी जवळ गेले. मराठी कळणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून आवाज खाली घेण्याचीही तसदी घेतली नाही. “पोटुश्या बायकांची जागा आहे ती, वहिनी. तुम्ही कुठे जाऊन बसलात? जन्मात कधी वेळ आली होती का तिथे बसायची?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या. एवढंच.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पुढची नऊ स्टेशनं त्या उभ्या राहिल्या. वाटेत दोनदा जागा रिकाम्या झाल्या, साध्या, निळ्या. त्या बसल्या नाहीत.

रात्री जेवताना मी ती गंमत तिखटमीठ लावून सांगितली. म्हातारा, नमस्ते जी, सगळं. मुलगा आधी हसला. सुनेने चमचा खाली ठेवला. “पर आई, आपको तो मैंने पहले ही दिन बताया था।” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, “ती विसरली असेल रे. आणि तिने कुठे सांगितलं बसायला? माझी मीच बसले. गुडघे दुखत होते.” माझ्यासाठी त्या धडधडीत खोटं बोलल्या, आणि मी ते मुकाट्याने घेतलं.

शुक्रवारी चोरओटी ठरली होती. सून खण-नारळाचं काही न कळणारी, पण मधल्या दोन दिवसांत तिने नवऱ्याकडून आमच्या घरच्या रीतीचं बरंच काढून घेतलं असावं. ती पाटावर बसली आणि म्हणाली, “मोठी आई भरेंगी।” जाऊबाई ताट ठेवून सवयीने आत निघाल्या होत्या. पण त्या फ्लॅटला आत असं नव्हतंच. स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीत. जायला जागा नाही म्हणून त्या फ्रिजकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. सुनेचं ऐकून त्या वळल्या. तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

“तू म्हणशील तसं,” त्या म्हणाल्या.

‘भरा’ एवढाच शब्द हवा होता. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या क्षणी मला काय वाटत होतं ते मला आजही नीट आठवतं. मला वाटलं, मुलगा घेतला, आता नातवंडही घेणार.

“रीत ती रीत,” मी म्हटलं. “पहिलं मूल आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?”

“बरोबर आहे तिचं,” जाऊबाई लगेच म्हणाल्या आणि पुन्हा फ्रिजकडे वळल्या. “बेटा, आई भरेगी. पल्लू फैलाओ.” सुनेने त्यांनी सांगितलं म्हणून पदर पसरला. मी भरली. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. मुलगा बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

भांडण कुणी केलं नाही. निघायच्या दिवशी विमानतळाच्या गाडीत मुलगा माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, “आई, बाळंतपणाला मोठी आई येईल.”

“त्यांना मेट्रो कुठे येते?”

“मैं सिखा दूँगा,” तो म्हणाला, आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसला.

थंडीत जाऊबाई गेल्या. मुलगी झाली. दीड महिन्याने मुलाने मला मोबाइलवर फोटो पाठवला, डॉक्टरकडे जाताना मेट्रोत काढलेला. सून गुलाबी जागेवर, मांडीवर टोपड्यातलं बाळ. शेजारच्या दोन जागा रिकाम्या. आणि जाऊबाई सुनेसमोर कडी धरून उभ्या, अंगावर माझ्या मुलाचा जुना कोट.

मी फोन लावला. बाळाचं विचारलं, सुनेचं विचारलं. मग राहवलं नाही. “वहिनी, फोटोत शेजारी जागा होत्या की. गुडघ्यांचं एवढं दुखणं तुमचं, बसायचं नाही का?”

“नको गं,” त्या म्हणाल्या. “कुठली जागा कुणाची असते, मला कळत नाही. उभं राहिलेलं बरं.”

टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परतवला असता, माझं आयुष्य त्यातच गेलंय. पण त्या सरळ बोलत होत्या.

“वहिनी, बसत जा,” मी म्हटलं. “मी सांगते ना, बसत जा.”

“बघू,” त्या म्हणाल्या, आणि बाळ रडायला लागलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.