फायरप्लेसमधले देव

पोर्ट्समथमधलं ते घर आम्ही भाड्यानं घेतलं, तेव्हा जाहिरातीत ‘व्हिक्टोरियन पण आधुनिक’ असं लिहिलं होतं. म्हणजे पुढून राणीच्या काळातलं आणि मागून अगदी कालचं. दाराला रंगीत काच, पॅसेजमध्ये काळ्या-तांबड्या फरशा, आणि आत गेलं की मधल्या भिंती पाडून केलेलं एकच लांबलचक स्वयंपाकघर-जेवणघर, त्यावर काचेचं छत. मी पाहताक्षणीच हरखले. सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, ‘‘देव कुठे ठेवायचे?’’

सासूबाई लग्न होऊन पुण्याहून थेट कॉव्हेंट्रीला आलेल्या. सगळा संसार त्यांनी तिथेच केला. सासरे गेले आणि त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली, म्हणून आम्ही त्यांना बरोबर घेऊन आलो. कॉव्हेंट्रीचं घर मात्र त्यांनी विकू दिलं नाही. करमलं तर राहीन, नाही तर माझी मी परत जाईन, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. गुडघ्यांनी जेरीला आलेल्या बाईनं त्या घरात एकटीनं जिने चढावेत, हे मला नको होतं. भांडायला का होईना, त्या मला घरात हव्या होत्या.

देवांसाठी ईशान्य कोपरा शोधला, तर तिथे बॉयलर. भिंती पाडल्यामुळे दुसरा धड कोपराही उरला नव्हता. शेवटी जेवणघरातल्या जुन्या फायरप्लेसकडे लक्ष गेलं. त्यात विस्तव पेटायचं केव्हाच बंद झालेलं. घर नवं करताना घरमालकिणीनं तो कोनाडा शोभेसाठी तसाच ठेवला होता. मी तो घासूनपुसून काढला, पाट मांडला, देव बसवले. इतकं छान दिसलं की मीच स्वतःवर खूश झाले.

पहिल्याच संध्याकाळी दिवा शांत झाला. आपल्यात दिवा विझला असं म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही, पण विझलाच. दुसऱ्या दिवशीही तेच. समुद्रावरून वारा सुटला की आरती पुरी व्हायच्या आत ज्योत जायची. दारं-खिडक्या लावून पाहिल्या, वात जाड करून पाहिली. नवरा म्हणाला, ‘‘आई, बॅटरीची दिवा आणू?’’ तो जन्मानं कॉव्हेंट्रीचा. त्याच्या तोंडी कुठलाही शब्द कुठल्याही लिंगात जातो. एरवी सासूबाई हसल्या असत्या. देव दुसरीकडे हलवू का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘आता त्यांना कितीदा हलवायचं?’’

आणि एके दिवशी भाजी निवडताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, ‘‘या घराला मी नकोय गं. महिना भरला की जाईन मी.’’ मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. आम्ही जिवंत माणसं समोर बसलेलो असताना यांनी ज्योतीचं ऐकायचं, म्हणजे काय?

घरमालकीण दोन गल्ल्या सोडून राहायची. सत्तरी ओलांडलेली, याच घरात लहानाची मोठी झालेली. रस्त्यात भेटली तेव्हा तिनं घराची चौकशी केली. सासूबाईंचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, पण अशुभ बोलायचं नाही हा नियम त्या इंग्रजीतही पाळतात. त्यांनी सांगितलं, की जेवणघरातला लॅम्प रोज संध्याकाळी शांत होतो. बाईनं समजुतीनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन पाठवून दिला. तो बिचारा शिडी लावून छताचे सगळे दिवे तपासत बसला. एक बल्ब बदलून, सासूबाईंच्या हातचा आल्याचा चहा पिऊन, आता काही त्रास होणार नाही असं सांगून गेला. संध्याकाळी दिवा पुन्हा शांत.

मग मीच घरमालकिणीला फोन करून कुठला दिवा ते धड शब्दांत सांगितलं. ती लगेच आली. दारात बूट काढले, फायरप्लेससमोर बसली आणि कोनाड्यात हात घालून वर धरला. धुराडं कुणी बुजवलंच नव्हतं. वारा सरळ देवांच्या डोक्यावर उतरत होता. तिची आईही या वाऱ्याला जन्मभर कंटाळलेली होती म्हणे. घरी जाऊन ती एक काठी घेऊन आली. काठीच्या टोकाला जाड, राखाडी, गोल चकती होती. ती धुराड्यात दाबून बसवली की वारा अडतो. मी सासूबाईंकडे पाहिलं. देवांच्या वर, कसली कोण जाणे, ती चकती बसणार होती.

‘‘कशाची आहे ती?’’ सासूबाईंनी मला मराठीतच विचारलं, बाईला वाईट वाटू नये म्हणून. मी विचारून सांगितलं, मेंढीच्या लोकरीची.

‘‘लोकर ना? मग काही हरकत नाही. लोकरीला ओवळं नसतं.’’ आणि बाईकडे वळून त्या इंग्रजीत सांगायला लागल्या, की त्यांच्या माहेरी धाबळी नेसून पूजा व्हायची, धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र, ते कधीच विटाळत नाही. बाई एक हात धुराड्यात ठेवून सगळं ऐकत होती. काजळी पडू नये म्हणून सासूबाईंनी एकेक देव उचलून स्वतःच टेबलावर नेऊन ठेवला. काम झाल्यावर पुन्हा जागेवर मांडला.

त्या संध्याकाळी वारा चांगलाच घोंघावत होता. आरती झाली, जेवायची पानं घेतली, तरी ज्योत तेवत होती. जेवता जेवता सासूबाई मुलाला म्हणाल्या, ‘‘शनिवारी मला कॉव्हेंट्रीला नेशील?’’

माझा घास हातातच राहिला. नवऱ्यानं हळूच विचारलं, राहायला का?

‘‘नाही रे. माझी अन्नपूर्णा तिथे आहे. ती आणायचीय.’’

लग्नात माहेरून मिळालेली, बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा. बाई जिथे नांदते तिथेच ती असते. बाकीचे सगळे देव त्यांनी आमच्याबरोबर आणले होते. मांडताना मला ती दिसली नव्हती, पण सामानाच्या गडबडीत विसरली असेल असं मी धरून चालले होते, आणि तसं मी बोललेही.

‘‘विसरले नव्हते,’’ सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या भातावर आमटी वाढली.